खाली बघणारी

अटलांटाच्या दक्षिणेला, पूर्वी जिथे फरश्यांचं गोदाम होतं,
तिथे आम्ही एक शहर उभं केलंय.
फक्त वरचे सहा मजले.
खालचं सगळं नंतर कॉम्प्युटरवाले भरतात.

पान एकाहत्तर.
सोबतीण सांगते, थांब, बाकीचे पोचू देत.
तो म्हणतो, मला ठाऊक आहे मी काय करतोय.
(नसतं ठाऊक. बहात्तराव्या पानावर पूल पडतो.)
आणि उडी.
खाली न बघता.

मला पगार मिळतो तो खाली बघण्याचा.

मी व्हर्नेल टिल्मन. दोर, कप्प्या, पट्टे, गाद्या.
एकोणीस वर्षं.
त्या न बघितलेल्या उडीआधी
गसच्या वजनाची वाळू मी पोत्यात भरते,
ब्याऐंशी किलो, वर बुटांचा एक,
आणि ते पोतं तीनदा खाली सोडते.
पोत्याला स्वतःबद्दल काही वाटत नसतं.
जसं पडायचं तसंच ते पडतं.
म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

गस म्हणजे हिरोची पाठ.
चेहरा दुसऱ्याचा, तो व्हॅनमध्ये बसून पीच खातो.
गळपट्टीचं हाड दोनदा मोडलं ते गसचं,
गुडघ्यातला खिळाही त्याचाच.
एरवी इतका भित्रा माणूस
की रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबतो.
मला आवडतं ते.

पण त्या ऑगस्टमध्ये
सूर्य पाइनच्या शेंड्यांवर टेकला होता,
दिग्दर्शकाला हवा होता नेमका तोच नारिंगी,
आणि हातात अकरा मिनिटं.
रात्री वादळ होऊन गेलेलं. लोखंड पहाटेपर्यंत भिजत होतं.
गस वर उभा, स्पंजचे दंड, पाठीवर झगा.
झगा अंगावर चढला
की माणसाच्या आतही काहीतरी चढत असावं.
म्हणाला, काल तपासलायस ना, व्हर्नी? सोड.
हनुवटी वर.
हुबेहूब पान एकाहत्तर.

मी म्हटलं, नाही.

कुणी घड्याळ दाखवलं, कुणी सूर्य.
मी कप्पीखाली बसून राहिले, हातात बॅटरी,
तार बोटांखालून इंच इंच सरकवत,
आणि नारिंगी गेला, मग जांभळा,
मग डास आले.

तार ठणठणीत होती.
कुठे गंज नाही, कुठे एक धागा उसवलेला नाही.
खरं सांगू?
मी मनात एखादी चीर मागत होते.
केसाएवढी, देवा, दाखवण्यापुरती.
नाही सापडली.

निर्मात्याचा फोन आला. एका दिवसाचा खर्च
त्याने सावकाश, आकडा आकडा सुटा करून सांगितला.
पुढच्या सिनेमाला मला बोलावलं नाही.
गस दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी उडी मारली. झकास.
उतरल्यावर म्हणाला, बघ, काही होत नाही.
यावर काय बोलणार?
काही होत नाही, एवढंच तर माझं काम.

डेकेटरच्या थिएटरात पुतणीच्या पोराला घेऊन गेले.
पूल पडला, नदीत मोटारी गेल्या,
खेळण्याच्या पेटीतून सांडाव्या तशा.
हिरो खिडकीशी अर्धा मिनिट उदास उभा राहिला
आणि शहराने त्याला माफ केलं.
जोसाया कुजबुजला, मावशे, यात तुझं काय आहे?
म्हटलं, पुसून टाकलंय. तारा दिसू देत नाहीत.
मग काय उपयोग, म्हणाला, आणि पॉपकॉर्नमध्ये हात घातला.

तेवढ्यात तो कठड्यावर आला.
मागे नारिंगी, दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचा.
मला ठाऊक आहे मी काय करतोय.
सगळं थिएटर पुढे झुकलं.

माझ्या मुठी मांडीवर आवळलेल्या,
टाचा फरशीत रुतवून
मी मागे झुकले,
ब्याऐंशी किलो,
वर बुटांचा एक.